कोऱ्या पानावरच्या सह्या

"मॅडम, सकाळी तुमीच सांगतलं ना, कोऱ्या कागदावर सही कराची नाई म्हून. मंग आता काऊन मागून राह्यल्या?"

शकुनबाई पेन हातात धरून मला विचारत होत्या. पंचायतीच्या हॉलमध्ये चाळीसेक बाया, त्यातल्या निम्म्या उठून उभ्या. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. बांधीत चिखल तयार, धानाचं परं, म्हणजे रोपं, उपटून ठेवलेलं. त्यांना सोडणं भाग होतं.

बायांना पंचायतीचा कारभार शिकवणं ही माझी नोकरी. सिंदेवाही तालुक्यातल्या काही गावांत मी एका संस्थेची ट्रेनर आहे. शकुनबाई राखीव जागेवरून निवडून आलेल्या सदस्य. आधी त्यांच्या वतीने नवराच मीटिंगला बसायचा. आमच्या दोन ट्रेनिंगनंतर त्यांनी त्याला घरी बसवलं. हे मी ऑफिसात किती वेळा सांगितलं असेल, विचारू नका.

त्या दिवशी महिला ग्रामसभा होती. गावाच्या ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा होते आणि तिचे ठराव पुढे जातात. बायांनी एकच ठराव केला होता. गावची बोडी, म्हणजे लहान तलाव, मासोळीसाठी बचत गटाला द्यावी. बाहेरच्या ठेकेदाराला नको. वर्षभर त्या यासाठी भांडत होत्या.

पण ठराव प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या रजिस्टरमध्ये, लिहायचा होता. ग्रामसेवक दुसऱ्या गावात अडकलेले. तेवढ्यात माझ्या सुपरवायझरचा फोन आला.

"कोरम झाला?"

"झाला, सर."

"मग फोटो आणि सह्यांचं पान पाठवा. आत्ता."

उपसरपंच शेजारीच होते. म्हणाले, "सह्या घेऊन ठेवा मॅडम. मजकूर मी लिहून घेतो ना." मी वरचं अर्धं पान सोडलं आणि सह्या सुरू केल्या. मलाच लिहिता आला असता तो ठराव. चार ओळींचा होता. तेवढीही सवड मी काढली नाही.

शकुनबाई अडल्या. मी म्हटलं, "मी आहे ना. माझ्यावर विश्वास नाही का?"

त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत उपसरपंचांनी वाचलं, 'बोडी ठेकेदारास देण्यास महिलांची हरकत नाही.' शकुनबाई ताडकन उठल्या. "आमी असं म्हटलंच नाई."

"खाली सही कोनाची आहे, बाई?"

त्या रजिस्टरजवळ गेल्या. सही पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्चीवर मी बसले होते. 'पान कोरं होतं, सह्या मी घेतल्या,' एवढंच बोलायचं होतं. मी पर्समध्ये चष्मा शोधत राहिले. चष्मा डोळ्यांवरच होता.

संध्याकाळी सुपरवायझरला सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लेखी काही देऊ नका. प्रोजेक्ट बंद पडेल." आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बोडी ठेकेदाराला गेली.

पुढच्या ट्रेनिंगला शकुनबाई येणार नाहीत असं मी धरून चालले होते. त्या आल्या, मागे बसल्या. शेवटी हजेरीचा कागद त्यांच्याकडे गेला. त्यांनी पट्टी मागितली. वरच्या रिकाम्या जागेत या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी रेघ मारली, खाली तशीच दुसरी, आणि मधे सही केली. कागद माझ्या हातात दिला.

"आता यावर कोनी काई लिहू शकत नाई, मॅडम." आवाज चढलेला नव्हता.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तोवर त्या चपला घालत होत्या.

आता प्रत्येक गावात मी ही रेघ शिकवते. रिकामी जागा आधी काटा, मग सही करा. एका सदस्यबाईंची युक्ती आहे, असं सांगते. बाया टाळ्या वाजवतात. त्या बाईंना ती कोणामुळे सुचली, हे कुणी विचारत नाही, आणि मीही आजवर सांगितलं नव्हतं.