मी नापास केलेलं विहिरीचं पाणी

पाण्याच्या बाबतीत मी फार शहाणा माणूस आहे. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातल्या प्रयोगशाळेत बॉयलरचं पाणी तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. बॉयलरला लागतं ते म्हणजे नुसतं पाणी. त्यात क्षार नको, चुना नको, काही म्हणजे काही नको. जरासा चुना राहिला तरी नळ्यांत थर धरतो आणि आमची झोप उडते. त्यामुळे पांढरा थर दिसला की माझं डोकंच फिरतं. लग्नाला गेलो तरी मी आधी पाण्याचा जार वाकून बघतो, मग नवरदेव.

वीजकेंद्राच्या कॉलनीबाहेर आम्ही घर बांधलं, तिथे अंगणात विहीर आहे. पाणी बाराही महिने, पण जड. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादली वाळली की आतून पांढरी. म्हणून स्वयंपाकाला नळाचं पाणी, आणि विहिरीचं झाडांना, भांड्यांना आणि लेकीच्या माशांना.

अकरावीत असताना लेकीनं काचेची पेटी आणून त्यात सात काळे मॉली मासे सोडले होते. विहिरीचं पाणी आदल्या दिवशी काढायचं, अंगणात उघडं ठेवून हवा लागू द्यायची, मग पेटीतलं थोडंसं काढून तेवढंच नवं घालायचं, असा तिचा कारभार. दोन वर्षं मासे मजेत होते. मग ती शिकायला नागपूरला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, आईले लई कामं असतात. मासे तुमच्या भरवशावर सोडून राह्यली मी." आईला सोडून माझ्यावर भरवसा! आठ दिवस मी छाती फुगवून फिरलो.

नवव्या दिवशी मला पेटीच्या काचेवर थर दिसला. पाण्याच्या रेषेवर, पांढराफटक. झालं! विहिरीचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं, तपासलं आणि घरी येऊन निकाल जाहीर केला, "हे पाणी नापास आहे."

"मासे तं मस्त खेळून राह्यले," बायको म्हणाली.

"माशाले काय समजते?"

"आवो, तुमचा बॉयलर होय का तो?"

अडाण्यांशी वाद घालू नये, असं माझं तेव्हा मत होतं. तपासणीतून उरलेलं शुद्ध पाणी तसंही नालीतच जातं. ते दोन कॅनमध्ये भरून मी मोटरसायकलवर घरी आणलं. रविवारी सकाळी लिंबू घासून थर काढला, पेटी धुतली आणि काठोकाठ शुद्ध पाणी भरलं. काच अशी लखलखली की आत पाणी आहे की नाही तेच कळेना. मासे सोडले आणि समोर खुर्ची टाकून चहा घेत बसलो.

दुपार होईस्तोवर मासे जागच्या जागी हलायला लागले. मी बायकोला हाक मारली, "पाह्य, पाह्य, कसे नाचून राह्यले!"

ती आली, वाकली आणि तिचा चेहरा उतरला. "नाचून नाई राह्यले ते. जीव चालला त्याह्यचा," म्हणाली आणि तशीच आत गेली.

बघता बघता दोन तळाला बसले, मग आणखी तीन. सव्वीस वर्षं मी पाण्यातून सगळं काढून टाकत आलो होतो. त्यातलं कोणाला काही लागतही असेल, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं. विहिरीच्या पाण्याची बादली उचलून आता पेटीत ओतणार, तेवढ्यात बायको धावत बाहेर आली. "एकदम नोका टाकू!" तिनं बादली हिसकावली आणि चहाच्या कपानं थोडं थोडं विहिरीचं पाणी घालायला लागली. एक कप, मग थांबायचं, मग दुसरा कप. संध्याकाळपर्यंत हेच चाललं.

"तुले कसं माहीत हे?"

"तुम्ही कप धरा."

दोन वाचले. पाच मी विहिरीजवळच्या पपईखाली पुरले.

त्यानंतर दर रविवारी लेकीचा फोन. "बाबा, मासे कसे हायेत?" "मस्त." "सातही?" "सातही." एकदा तर बोलण्याच्या भरात पिल्लं झाल्याचंही सांगून बसलो. फोन ठेवला की मला जेवण जात नसे. बायको नुसती बघायची.

दिवाळीला लेक आली आणि खांद्यावरची बॅगही न उतरवता पेटीकडे गेली. तिनं विचारायच्या आत मी सगळं एका दमात सांगून टाकलं, थर, कॅन, लिंबू, नाच, पपई, सगळं.

"मले माहीत हाय, बाबा," ती म्हणाली. "आईनं तवाच सैपाकघरातून फोन केला होता. कपाकपानं टाक, हे मीच सांगतलं."

मी बायकोकडे पाहिलं. तिला अचानक चिवड्याची आठवण झाली.

"मग दर रविवारी काऊन इचारे?"

"वाटे, आज सांगसान. मग नाई इचारलं तं तुमाले समजून जाईन का मले माहीत हाय, म्हणून इचारत राह्यली. सात म्हणताना तुमचा आवाज कापे, बाबा."

काचेवर थर पुन्हा धरला होता, लेकीनं त्यावरून बोट फिरवलं, पण पुसला नाही. मग कोपऱ्यातली रिकामी बादली उचलून माझ्या हातात दिली.

"उद्याचं पाणी आजच काढून ठेवा," ती म्हणाली. "मी चार दिवसांनं जाईन. मासे तुमच्याच भरवशावर हायेत."