थोरलीच्या पिंजऱ्यात धाकटी

"हात काढ, हात काढ आधी!" मी पोरीवर ओरडत होते आणि माझाच हात पिंजऱ्यात कोपरापर्यंत गेलेला. थोरलीनं धाकटीचा कान धरला होता. सोडेच ना. धाकटी अशी किंचाळत होती की एवढ्याशा जिवात एवढा आवाज असतो हे मला माहीतच नव्हतं. सासूबाई मागे ताट घेऊन उभ्या, निरांजन अजून पेटलेलं, आणि म्हणतायत, "अगं ओढ ना तिला! बघतेस काय?"

ओढू कशी? ओढलं तर कान फाटेल. मी थोरलीच्या अंगावर हात ठेवला तर तिनं मलाच चावलं. मग समोर ओट्यावर पोळपाट दिसला, तोच उचलला आणि दोघींच्या मधे घातला. थोरली दचकली, कान सुटला. मी धाकटीला पदरात घेतलं.

"माझा पोळपाट!" सासूबाई म्हणाल्या. धाकटीचं रक्त माझ्या पदराला लागलेलं आणि त्यांना पोळपाट दिसला.

दोन्ही गिनीपिगच. आमच्याकडे आधी दोन होत्या, पोरीसाठी आणलेल्या. त्यातली एक गेली आणि जी उरली तिनं खाणंच सोडलं. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची. काकडी ठेवली तरी तशीच, सुकून जायची. प्राण्यांचा डॉक्टर म्हणाला, "अकेली है, मर जाएगी, जोड़ीदार लाओ।" म्हणून ह्यांनी आदल्या संध्याकाळी ऑफिसातून येताना दुकानातून एक छोटी खोक्यात घालून आणली, मुठीत मावेल एवढी. पोरीनं तिला छोटी म्हटलं, मी धाकटी म्हटलं, आणि जुनी झाली थोरली.

सासूबाईंना दुसरी नकोच होती. पण सकाळी म्हणाल्या, "आणलीच आहे तर नीट घरात घे. दुकानातली घाण देवापाशी नको." म्हणून मी धाकटीला अंघोळ घातली, माझ्याच चंदनाच्या साबणानं. पुसलं, कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. नवी सून आणतात तसंच सगळं. मला तर भरूनच आलं होतं. मग सासूबाई म्हणाल्या, "ठेव आता, तिचंच घर आहे ते." त्यांनीच दार उघडलं. मी आत ठेवली. थोरलीनं एकदा वास घेतला, दात कटकटवले, अंगावरचे केस उभे केले आणि तुटून पडली.

डॉक्टरला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तर तो म्हणाला, "नहलाया? खुशबू वाले साबुन से? और सीधा उसी के पिंजरे में डाल दिया?" मी म्हटलं, "जी।" तो म्हणाला, "मैडम, वो उसका घर है, ये बाहर वाली है। ऊपर से साबुन की महक। पहचाने कैसे? बीच में जाली रखो, दोनों को एक-दूसरे की गंध लेने दो। मिलाना बाद में, किसी नई जगह पर।" कानाला हळद लावू का विचारलं तर ओरडलाच, "कुछ मत लगाओ! यहाँ ले आओ, मैं देखता हूँ।"

फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी सगळं ऐकलं. आणि तरी माझ्याकडे बघून काय म्हणाल्या, "आठवीत शाळा सोडली की असं होतं. विचारायचं नाही का आधी कुणाला?"

त्यांच्याच सांगण्यावरून केलं होतं हो! मी पिंजऱ्याच्या मधोमध खिडकीची जुनी जाळी दाबून बसवली, सुतळीनं बांधली. एका बाजूला थोरली, एका बाजूला धाकटी. म्हटलं आवरते आणि डॉक्टरकडे नेते.

साडी बदलून बाहेर आले तर सासूबाईंनी चपला घातलेल्या. हातात तोच दुकानाचा खोका, धाकटी आत. पोरगी त्यांच्या पदराला लोंबकळतेय, "आजी, छोटीला नको ना नेऊ!"

"परत देऊन येते," त्या म्हणाल्या. "घरात भांडणं नकोत मला. एक होती तेच बरं होतं."

"आई, एक होती ती मरत होती," मी म्हटलं.

"मरू दे शांतपणे. ही बाहेरची कशाला हवी?"

आणि तेवढ्यात मागनं आवाज आला. कुरकुर कुरकुर. मी वळून बघितलं. जाळीपाशी धाकटीसाठी ठेवलेली काकडी थोरलीनं जाळीतून आपल्याकडे ओढून घेतली होती आणि खात होती. रागारागानं. मधेच थांबून रिकाम्या बाजूकडे बघायची, दात कटकटवायची, परत खायची. इतके दिवस मी हातानं भरवत होते तर तोंड उघडत नव्हती ती!

"आई, बघा. ती खातेय."

सासूबाईंनी बघितलं. नक्की बघितलं. पण म्हणाल्या, "दुसरीला मिळू नये म्हणून खातेय. दुष्टपणा आहे तो."

"असू दे दुष्टपणा. खातेय ना?"

"सर बाजूला."

मी दारासमोर उभी राहिले. ह्या घरात आल्यापासून मी त्यांच्या वाटेत कधी उभी राहिले नव्हते. मी खोका त्यांच्या हातातून घेतला. हिसकावला म्हणा. आणि पोरीला काखोटीला मारून तशीच खाली उतरले, डॉक्टरकडे.

कान थोडा फाटलेलाच राहिला. जाळी अजून मधे आहे. थोरली अजून दात दाखवते, पण वाटी चाटूनपुसून साफ करते. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, नवा पोळपाट आणलाय आणि तो त्यांच्या खोलीत ठेवतात. हे म्हणतात, आईच्या हातातून हिसकावायला नको होतं.

नको होतं का? बाहेरची म्हणून त्या जिवाला खोक्यात घालून परत नेत होत्या, आणि इकडे एक जीव तिच्यामुळे खायला लागला होता. दारात तुम्ही असता तर सरकला असता बाजूला?