पांडेसऱ्याला आलेले अमेरिकन बूट

चार माणसं रोज सकाळी एकाच रस्त्यावर पळायला लागली की किस्से मागे लागतातच. आमचं पळणं कधीच सुटलं, किस्से मात्र अजून पिच्छा सोडत नाहीत!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये मी फोल्डिंग खात्यात होतो. रामदास रंगाच्या मशीनवर, माझ्यासारखाच खानदेशातला. नाना जालन्याकडचे, वयाने सगळ्यांत मोठे. आणि वानखेडे अकोल्याचा. ड्यूटीच्या आधी उधना-मगदल्ला रोडवर आम्ही चौघं पळायचो. पायात कॅनव्हासचे बूट. नाना तर अनवाणीच!

बूट आले ते आमच्या मिलच्या मेहताजींकडून, म्हणजे हिशेब बघणाऱ्या हसमुखभाईंकडून. त्यांच्या भावाने अमेरिकेहून पाठवलेले, खास पळायचे. हसमुखभाईंना मोठे झाले, म्हणून त्यांनी रामदासला दिले.

"ले जाव. आ तो वहाण छे, वहाण!"

रामदास म्हणाला, "हो ना, वहाणच आहे. पायातच घालायची!"

हसमुखभाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या गुजरातीत वहाण म्हणजे जहाज!

*

रामदासने बुटांचं खोकं उचललं आणि आधी उघडून बघितलं, आत बूट आहेत की नाहीत. इतकं हलकं! वजनावरून वाद पेटला. शेवटी आम्ही कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गेलो. तिने एका पारड्यात बूट ठेवला, दुसऱ्यात वांगी टाकत गेली. दोन-तीन वांग्यांतच काटा सरळ!

त्यानंतर रामदास भाजीला गेला की ती विचारायची, "भाऊ, किलोनं देऊ का बुटानं?"

*

नानांनी बुटाच्या तळाला अंगठा दाबला. तो आत गेला आणि सोडल्यावर पुन्हा वर आला. नाना बराच वेळ हेच करत बसले.

"ही तर गादी हाय. गादीवर माणूस झोपतो, पळतो व्हय?"

आम्ही आग्रह केला म्हणून त्यांनी बूट चढवले. थोडं पळाले आणि थांबले. वाकून खाली बघायला लागले.

"काय झालं, नाना?"

"आरं, जमीन कुठं गेली? पायाला लागंनाच!"

*

वानखेडेचा कशावरच पटकन विश्वास नाही. "असं नाही समजत राजा, दोन्ही एकदम तपासा लागते!" म्हणून त्याने डाव्या पायात अमेरिका आणि उजव्या पायात आपला जुना कॅनव्हास घातला.

सुटला! पण सरळ जाईना. एका बाजूला झुकत झुकत तो थेट चहाच्या हातगाडीवर जाऊन धडकला. आम्ही धावत गेलो. हा बाकड्यावर शांत बसलेला.

"डावा पाय लई चांगला आहे," तो म्हणाला. "उजवा बदलून द्या!"

*

आता रामदासचं. दिवसभर ओल्या सिमेंटवर उभं राहून त्याची टाच धरली होती. सकाळी पहिलं पाऊल टाकताना भिंत धरायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, पळणं बंद. मशीन सुरू व्हायच्या आधीचा तेवढाच वेळ त्याचा स्वतःचा होता.

"मी हळू पळतो, पण पळतो," तो म्हणाला. त्या बुटांवर तो खरंच हळू पळू लागला. रोज थांबला की आम्ही त्याच्या तोंडाकडे बघायचो. पहिले काही दिवस तो नुसती नकारार्थी मान हलवायचा. मग एका सकाळी भिंत न धरताच चालत आला!

तो डॉक्टरांना दाखवायला गेला, सोबत मीही. डॉक्टरांनी टाच दाबली, मग बूट हातात घेतला. वाकवला, पिळला, वास घेतला. शेवटी राहवेना. स्वतःची चप्पल काढून त्यांनी दोन्ही बूट घातले.

बाहेर पेशंट ताटकळलेले. एका बाईने कंपाउंडरला विचारलं, "माझा नंबर कधी?"

कंपाउंडर पडद्याआड डोकावून आला आणि म्हणाला, "बसा. साहेब पळतायत!"

*

आणि एका रविवारी बूट गायब!

रामदासने खाटेखाली बघितलं, पत्र्यावर बघितलं. आम्ही तिघं गोळा झालो. नाना म्हणाले चोर, वानखेडे म्हणाला कुत्रं. तेवढ्यात लक्षात आलं, सुमनवहिनीही घरात नाहीत. रामदासची बायको. दिवसभर घरी बसून साड्यांचे धागे कापायच्या. लग्न होऊन सुरतेत आल्या, तेव्हापासून त्यांना गल्लीबाहेर एकटं गेलेलं कुणी बघितलं नव्हतं.

आम्ही मेन रोडवर आलो. दूरवर कुणीतरी येत होतं. पदर खोचलेला, हातात दुधाची किटली, आणि पायात ते बूट! बोटांपुढे साडीच्या चिंध्या कोंबलेल्या. वहिनी चालत नव्हत्या, पळत होत्या. आम्हाला बघूनही थांबल्या नाहीत. अगदी जवळ आल्यावर थांबल्या.

"कोठे गयथी वं?" रामदासने आपल्या अहिराणीत विचारलं.

"दूध लेवाले."

"डेअरी तं घरना समोर शे!"

वहिनींनी कपाळावरचा घाम पुसला. धाप लागली होती, पण चेहरा असा फुललेला आम्ही कधी पाहिला नव्हता.

"बूट बेस शेतस," त्या म्हणाल्या. "पन रस्ता कमी पडी गया!"