उपासाचा साबुदाणा

सातव्या महिन्यात माझी साखर वाढलेली निघाली, आणि मला पहिल्यांदा राग आला तो डॉक्टरबाईंचा. घरात कुणाला मधुमेह नाही, मी चहासुद्धा बिनसाखरेचा पिते, मग मलाच का? त्यांनी शांतपणे सांगितलं, की वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, असे हार्मोन निघतात की आईचं इन्सुलिन नीट लागू पडत नाही. बाळाला साखर पुरावी म्हणून निसर्गानं केलेली ती सोय. बहुतेक आयांचं शरीर जास्त इन्सुलिन तयार करून भागवून नेतं, माझं कमी पडत होतं. जादा साखर वारेतून बाळाकडे जात होती आणि बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवून ती चरबी करून अंगावर चढवत होतं. सोनोग्राफीत त्याचं पोट दिवसांच्या मानानं मोठं दिसत होतं. असंच चाललं तर बाळंतपण अवघड, शिवाय नाळ कापल्यावर आईकडची साखर बंद झाली की बाळाची साखर एकदम घसरण्याची भीती.

"लेकरू मोठं हाय म्हणं. चांगलंच की मग," सासूबाई रिक्षात म्हणाल्या. त्या माझ्यासाठी पैठणजवळच्या गावाहून आल्या होत्या. नवरा वाळूजच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, त्यामुळे गारखेड्याच्या घरात दिवसभर आम्ही दोघीच.

डॉक्टरबाईंनी खाण्यावर ताबा ठेवायला सांगितलं होतं. त्यावर सासूबाईंनी तोडगा काढला. "मंगळवार-गुरुवार उपास धर माझ्यासंगं. देवाचंबी व्हईल, साखरंचंबी." मला तो लगेच पटला.

मग दर उपासाला सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, मधे रताळं, संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू. इतक्या मनोभावे कुणी उपाशी राहिलं नसेल. आणि नेमका त्याच दिवशी बोट टोचलं की साखर मोजायच्या मशीनवर आकडा उसळायचा. मी मशीनवर चिडले, नव्या पट्ट्या आणल्या, मेडिकलवाल्याशी हुज्जत घातली. रात्री पोटावर हात ठेवून मात्र रडू यायचं. इतकं जपूनही मीच माझ्या बाळाला बिघडवत होते, असं वाटायचं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी विचारलं, "मंगळवारी काय खाता?"

"काही नाही. उपास असतो."

"उपासाला काय?"

मी सांगत गेले आणि सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. डॉक्टरबाईंना हसू आवरेना. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, पोटात गेला की त्याची साखरच होते, म्हणाल्या. हे उपास बंद, नाहीतर इन्सुलिनची सुई.

परतताना रिक्षात सासूबाई राहिलेले मंगळवार-गुरुवार बोटांवर मोजत होत्या. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून त्यांनी ते उपास देवाला बोलले होते. मधेच मोडले तर बाळालाच काही होईल, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांची समजूत कशी घालायची ते मला सुचत नव्हतं. घरी आल्यावर त्या देवापुढे बसल्या. उठल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि ज्वारीचं पीठ मळायला घेतलं.

"तुझा उपास बी मीच धरते. देवाला सांगून आले. तू खा."

माझ्या ताटात लहानशी भाकरी, भरपूर मेथी, मटकीची उसळ आणि काकडी होती. त्यांच्यासमोर नुसतं ताक. मी ताट त्यांच्याकडे सरकवलं. मग त्यांनीच रागावून खायला लावलं, आणि लगेच चपला घालून मला कॉलनीत फिरवायला नेलं. तो रोजचाच नेम झाला. माझं पोट लहान दिसतंय म्हणून शेजारीण हळहळली, तर सासूबाई म्हणाल्या, "दिसू दे. मापात हाय."

आकडे हळूहळू उतरले आणि सुई टळली. पुढच्या सोनोग्राफीत बाळाची वाढही रुळावर आली होती. तरी जन्मानंतरच्या त्या घसरणीची धास्ती काही जाईना.

मुलगी झाली. सिस्टरनी तिची टाच टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. ती किंचाळली, सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि मी आकडा यायची वाट पाहत पडून राहिले.

"साखर चांगली आहे. पाजा आता," सिस्टर म्हणाल्या आणि तिला माझ्या कुशीत ठेवलं. इतके महिने माझ्यातून तिला काय पोचतंय ते मला कधी कळलं नव्हतं. आता ती डोळे मिटून ओढत होती, आणि तिच्या गळ्याची हालचाल मला दिसत होती.