अक्कांचा तवा आणि माझं पीठ

अक्कांना जाऊन आज वर्ष झालं, आणि त्यांचा तवा अजून माझ्याच घरी होता.

त्यांनीच दिलेला. माझ्या तॉर्तिया, म्हणजे मेक्सिकन पोळ्या, बिघडायच्या आणि दोष तव्याचा, असं त्यांचं ठाम मत होतं.

चेन्नईत वेस्ट मांबलममध्ये आम्ही राहायला आलो, तेव्हा अक्का खालच्या मजल्यावर. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडची मराठी माणसं. मी नाशिकची. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मराठी बोलतीस? मग आमचीच हायस तू."

संपलं. पुढची सगळी वर्षं आम्ही त्यांचेच.

मुलीच्या बाळंतपणासाठी अक्का ह्यूस्टनला गेल्या आणि शेजारच्या मेक्सिकन बाईकडून तॉर्तिया शिकून आल्या. मग रविवारी त्यांच्याकडे मैद्याच्या गरम तॉर्तिया, राजमा आणि तक्काळीची, म्हणजे टोमॅटोची, झणझणीत चटणी.

पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चेन्नईच्या पार टोकाला, आवडी नावाच्या उपनगरात, क्वार्टर्समध्ये गेलो. रेसिपी फोनवर सुरू झाली.

"पीठ निजिवलीस का ग?"

"हो अक्का, मस्त भिजवलं."

"उदंड निजू दे हां. घाई नको."

मी आणखी पाणी घालायचे.

त्या 'निजू' म्हणत होत्या, पण तेव्हा मी 'भिजू'च ऐकत होते. तमिळ वळणाच्या बोलण्यात 'भ' जरा हरवतोच, हे मला ठाऊक होतं. आयुष्य न्यूजडेस्कवर गेलेलं. समोरच्याचा शब्द मनातल्या मनात दुरुस्त करायची सवय.

तॉर्तिया पोळपाटाला खळीसारखी चिकटायची.

"अय्यो, मग तुझा तवाच सरी नाही," अक्का म्हणाल्या. सरी म्हणजे ठीक. आणि स्वतःचा पाठवून दिला.

नंतर दोष मैद्याला दिला. मग चेन्नईच्या दमट हवेला. मला मात्र कधीच नाही.

अक्का गेल्यावर अण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, दहीभातावर आले. तिन्ही त्रिकाळ. मुलगी ह्यूस्टनहून मला फोन करून रडायची. "बाबा औषधासारखं जेवतात ग."

तिथी मागच्या आठवड्यात रीतसर झाली. काल अण्णांचा स्वतःहून फोन.

"उद्या तारीख आहे. ती करायची ते करशील?"

वर्षभरात त्यांनी पहिल्यांदा काही खायला मागितलं होतं. तेही नेमकं मला न येणारं.

आज सकाळी तवा पिशवीत घातला आणि आवडीहून गाड्या बदलत मांबलमला पोचले.

मैदा, मीठ, तूप, गरम पाणी. मळून गोळा केला. मग सवयीने परत पाण्याचं भांडं उचललं.

अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. "आता पाणी कशाला?"

"भिजवते. अक्का नेहमी सांगायच्या ना, उदंड भिजू दे."

"भिजू?"

अण्णा हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, दाराची चौकट धरून.

"निजू ग! निजू दे म्हणायची. त्या मेक्सिकन बाईला इंग्लिश येत नव्हतं. हिचं इंग्लिश तर तुला ठाऊकच. त्या बाईनं पिठाकडे बोट केलं आणि असं केलं."

अण्णांनी दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले. डोळे मिटले.

"आमच्याकडे कणीक मुरते, अण्णा."

"मुरू दे तुमच्या नाशिकला. हिची निजायची."

त्यांनी स्वतः पंचा ओला केला, घट्ट पिळला आणि गोळ्यावर पांघरूण घालावं तसा घातला.

मग आम्ही दोघं बाहेर बसलो. पीठ निजलं होतं, म्हणून अण्णा हळू आवाजात बोलत होते. वर्षभरात नव्हते बोलले इतकं. सगळं अक्कांबद्दल.

तॉर्तिया लाटली. चिकटली नाही. तव्यावर टाकली. फुगली.

अण्णांनी पहिला तुकडा चटणीत बुडवला, सावकाश चावला. मी परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तशी उभी.

"सरी आलंय," म्हणाले. आणि ताट पुढे केलं. "आणखी एक."

निघताना मी तवा घासून पुन्हा पिशवीत घालत होते.

"तो इथंच राहू दे," अण्णा म्हणाले. "तू येत जा."

अक्का, तवा घरी पोचला. अण्णा जेवले.

तुम्ही आता निजा. उदंड निजा.