अकराचा डबा

टीमची प्रॉडक्टिव्हिटी वाढवायच्या भरात मी सगळ्यांची जेवणाची सुट्टी दुपारी एकला केली आणि स्वतःवरच खूश झालो. आमचा फाइली सांभाळणारा क्लार्क तोवर अकरालाच डबा उघडायचा. माणूस सांगलीचा, पण इथे आखातात राहून प्रत्येक वाक्य ‘इन्शाल्ला’ने संपवणारा, ऑफिसात सर्वांआधी हजर.

दुसऱ्या दिवशी अकराला तो फोनवर हळूच म्हणाला, “आई, तू जेवून घे. आता माझ्यासाठी थांबत जाऊ नको.” तिकडे सांगलीत साडेबारा वाजले होते. मायलेक रोज व्हिडिओ कॉलवर एकत्र जेवायचे.

मी मुकाट्याने त्याची सुट्टी पुन्हा अकराला केली. घरी बायकोला सांगितलं.

ती म्हणाली, “बरं केलंस. पुण्यात आई किती वाजता जेवतात, ठाऊक आहे तुला?”