न पुसलेली चिठ्ठी

ऑफिसात तिला सगळे झाडूवाली म्हणायचे. इंटरनेटवाल्या टीव्हीच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या कुकीज झाडणं हे तिचं काम. कुकी म्हणजे वेबसाइटने टीव्हीत ठेवलेली चिठ्ठी: माणूस ओळखीचा आहे, पासवर्ड विचारू नका. चिठ्ठीला मुदत असते. मुदत संपली की पुसायची. पण टीव्हीचं घड्याळ महाद्वाड! कधी उगाच वर्षभर पुढे उडी मारतं, मग चांगल्या चिठ्ठ्याही पुसल्या जातात आणि ग्राहक बोंब ठोकतात. म्हणून हिने डोकं लढवलं. पुसायची नाही, नुसती बाजूला ठेवायची. तारीख मागे आली की परत वापरायची. साहेबांनी पाठ थोपटली.

प्लग काढून लावला की तेच घड्याळ कारखान्यातल्या जुन्या तारखेवर जातं आणि मुदत संपलेल्या चिठ्ठ्याही चालू होतात, हे तिला ठाऊक होतं. 'दोन मिनिटांत नेटवरून खरी वेळ येते, तेवढ्यात कोणाचं काय जातंय?' म्हणून तिने तो विषय मिटवला. जातंय, बाई, जातंय!

तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हणजे जनावर. मीठ कमी पडलं म्हणून त्याने बायकोचं डोकं भिंतीवर आपटलं होतं, उलट बोलली म्हणून दोन दात पाडले होते. चार महिन्यांपूर्वी ताईनेच तिला तिथून उचललं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन दिली. पत्ता चिटपाखरालाही कळू दिला नाही.

"ताई, त्याच्या घरातल्या तुमच्या कंपनीच्या टीव्हीवरून मी ऑनलाइन दुकानातून सामान मागवायचे गं. तेच खातं अजून वापरते," धाकटी म्हणाली होती.

"त्या चिठ्ठीची मुदत महिनाभराची. गेली ती. खुशाल मागव."

रविवारी दुपारी दोघी जेवायला बसल्या होत्या. तिसऱ्या लाथेला कडी तुटली. तो लोखंडी पाइप घेऊन आत घुसला आणि पहिला घाव धाकटीच्या जबड्यावर बसला. ती ताटावरच कोसळली. ताई मधे पडली तर दुसरा तिच्या उजव्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला.

"लपतेस, सटवे?" तो गरजला. "रागाने टीव्हीचा प्लग उपटला, परत लावला, तर तुझं दुकान आपोआप उघडलं! नाव, नवा पत्ता, सगळं पडद्यावर!"

तेवढ्यात त्याने धाकटीचे केस धरून डोकं फरशीवर आपटायला सुरुवात केली. मग मात्र ताईने डाव्या हाताने तवा उचलला आणि त्याच्या कानशिलावर हाणला. तो आडवा झाला तरी हाणत राहिली. शेजाऱ्यांनी ओढलं तेव्हा कुठे थांबली.

त्याला पोलिसांनी नेलं. इस्पितळात धाकटीचा जबडा तारांनी बांधला होता, बोलता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने कागदावर लिहिलं: 'तू म्हणालीस ना, मुदत संपली की चिठ्ठी जाते?'

"जायला हवी होती गं," ताई म्हणाली. "मी पुसली नाही. मीच ठेवली होती."

धाकटीने तो कागद ताईच्या प्लास्टरवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.